व्हे की वाटाणा-सोया? शाकाहारी माणसाने स्नायूंसाठी प्रोटीन पावडर कशी निवडावी

सह्यवाट

नमस्कार मंडळी. इथे वजनं उचलणारे आहेत, आहारातले जाणकार आहेत, दुधाच्या धंद्यातलेही आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी नाशिकचा, वय चौतीस, वजन ६८ किलो. घर शाकाहारी, अंडंही नाही. बऱ्याच काळापासून जिम नियमित चालू आहे. ताकद वाढली, पण त्या मानाने अंग भरत नाही. शेवटी रोजचं खाणं कागदावर मांडलं. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दोन्ही जेवणांत मिळून पाच पोळ्या, दोन वाट्या वरण, एक वाटी उसळ, थोडा भात, कपभर दूध, वाटीभर दही आणि भाजी-कोशिंबिरीतून जाणारं दाण्याचं कूट. सगळं धरून प्रथिनं ६० ग्रॅमच्या आसपास भरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मला ५६-५७. तेवढं होतंय. पण स्नायू वाढवायचे तर किलोमागे १.६ ग्रॅम हा आकडा सगळीकडे दिसतो. म्हणजे माझ्यासाठी १०९. मधले ५० ग्रॅम आणायचे कुठून?

व्हे कॉन्सन्ट्रेट (चीज करताना निघणाऱ्या पाण्यातल्या दुधाच्या प्रथिनाची पावडर) घेऊन बघितलं, पोट डब्ब होतं. म्हणून वाटाण्याच्या पावडरकडे वळावं म्हटलं, तर ट्रेनर म्हणतो प्लांट प्रोटीन म्हणजे पैसे पाण्यात. ऑफिसातली एक मैत्रीण व्हीगन आहे, ती म्हणते दुधाचं सोड, वाटाण्याने काहीही कमी पडत नाही. दोघंही ठामपणे बोलतात. दोघांचीही शरीरयष्टी माझ्याहून चांगली आहे, त्यामुळे तिथूनही निकाल लागत नाही.

मला नेमकं हे हवंय: स्नायूंच्या वाढीत दूध आणि वनस्पती यांत फरक पडतो का? पडत असेल तर किती? आणि माझ्यासारख्या वरण-भात-पोळीवाल्याला तो लागू होतो का?

तालमीतला

सह्यवाट भाऊ, पावडरीच्या आधी खुराक बघा. मी कोल्हापूरकडचा, लहानपण तालमीत गेलं. आमच्याकडे १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं तेव्हा कुठला डबा नव्हता. पहाटे जोर-बैठका, मग लाल मातीत लढत, आणि त्यानंतर थंडाई. रात्री भिजवलेले बदाम सोलून कुंडीत घालायचे, त्यात थोडी खसखस, बडीशेप, मिरी, आणि सोट्याने इतकं घोटायचं की बोटाला कण लागता कामा नये. मग त्यात दूध. पैलवान दिवसाला दोन लिटर म्हशीचं दूध सहज घेतो. त्याच्याच हिशेबाने सत्तर-ऐंशी ग्रॅम प्रथिनं झाली, वर मटण-अंडी वेगळी.

पण एक आहे, हा खुराक पचवायला तेवढी मेहनत लागते. वस्ताद खुराक वाढवायच्या आधी मेहनत वाढवायचे. नोकरी करून तासभर जिमला जाणाऱ्याने दोन लिटर सायीचं दूध आणि तूप घेतलं तर पोटच सुटेल. तुमच्या बाबतीत मला पावडरीचा उपयोग दिसतो तो एवढाच: कमी उष्मांकात जास्त प्रथिनं. दूध की वाटाणा हे जाणकारांनी सांगावं.

आहारमित्र

मी क्रीडा-आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण या विषयात दोन्ही बाजू अर्धंच सांगतात.

व्यायामानंतर स्नायूत नवीन प्रथिन बांधायचं काम जोरात चालू होण्यासाठी ल्युसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) चावीचं असतं. तरुण माणसाला एका वेळच्या खाण्यात साधारण अडीच ग्रॅम ल्युसिन पुरतं असं मानलं जातं. व्हेमधल्या दर १०० ग्रॅम प्रथिनात ल्युसिन १० ते ११ ग्रॅम असतं, सोया-वाटाण्यात ७ ते ८. म्हणजे व्हेतून २५ ग्रॅम प्रथिन घेतलं की काम भागतं, वाटाण्यातून तेवढ्याच ल्युसिनसाठी ३२-३५ ग्रॅम लागतं. शिवाय वाटाण्यात मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, तांदळात लायसिन कमी. म्हणूनच बाजारातल्या बहुतेक चांगल्या प्लांट पावडरी वाटाणा आणि तांदूळ मिसळून केलेल्या असतात. आपल्या वरण-भाताचंही गणित हेच.

इथपर्यंत ट्रेनरचं बरोबर आहे: ग्रॅमला ग्रॅम लावलं तर व्हे सरस. पण हे सगळं एका मात्रेनंतरच्या काही तासांचं मोजमाप झालं. आपल्याला हवं आहे ते महिन्यांनंतरचं.

त्यावर तीन प्रयोग मला महत्त्वाचे वाटतात. फ्रान्समध्ये २०१५ साली १६१ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला, दिवसातून दोनदा २५ ग्रॅम वाटाण्याचं प्रथिन, व्हे किंवा तुलनेसाठी प्रथिन नसलेली पावडर. दंडाच्या स्नायूच्या जाडीत वाटाणा आणि व्हे यांत फरक निघाला नाही. यात वाटाण्याचं प्रथिन बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, ते ध्यानात ठेवून वाचावं. दुसरा २०१३ चा, तांदळाचं प्रथिन विरुद्ध व्हे, आठ आठवडे, २४ जण. मात्रा मात्र मोठी होती, ४८ ग्रॅम. तिथेही फरक नाही. तिसरा मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो: ब्राझीलमध्ये साओ पावलोत २०२१ साली प्रसिद्ध झालेला. १९ व्हीगन तरुण, १९ मिश्राहारी. व्हीगनांना सोयाची पावडर देऊन आणि मिश्राहारींना व्हे देऊन दोघांचंही दिवसाचं प्रथिन किलोमागे १.६ ग्रॅमवर आणलं. बारा आठवडे पायांचा व्यायाम. स्नायू आणि ताकद दोन्ही गटांत सारखी वाढली.

माझं मत स्पष्ट आहे. दिवसाचं एकूण प्रथिन पुरेसं असेल तर ते दुधाचं की वनस्पतीचं याने जवळपास काही बिघडत नाही. एकूण कमी असेल तर मात्र दर्जाचा प्रश्न येतो. तुम्ही आज ६० वर आहात, त्यामुळे तुमचं पहिलं काम १०० पार करणं.

आणखी एक. १.६ चा आकडा ज्या २०१८ च्या मोठ्या आढाव्यातून आला, त्यात ४९ प्रयोग आणि १८६३ माणसं होती. त्यातच असंही निघालं की व्यायामाला जास्तीच्या प्रथिनांची जोड दिल्याने चरबीविरहित वजनात पडलेली भर सरासरी फक्त ३०० ग्रॅम होती. मुख्य वाढ व्यायामाने होते. त्यामुळे पावडर बदलून अंग भरेल अशी आशा कुणी लावत असेल तर ती फार मोठी आशा आहे.

डेडलिफ्ट_दादर

आहारमित्र ताई, तुम्ही फक्त आठ-बारा आठवड्यांचे प्रयोग सांगितलेत. २०१३ मध्ये अमेरिकेत नऊ महिने चाललेला प्रयोग आहे. व्हे, सोया आणि नुसतं कार्बोहायड्रेट असे तीन गट. चरबीविरहित वजन व्हेवाल्यांचं ३.३ किलोने वाढलं, कार्बोहायड्रेटवाल्यांचं २.३ आणि सोयावाल्यांचं १.८. सोया तर साखरेच्याही मागे राहिलं! मी दहा-बारा वर्षं पोरांना शिकवतोय, व्हे घेणाऱ्यांची प्रगती डोळ्यांना दिसते. फरक नाही असं म्हणणं मला पटत नाही.

आहारमित्र

दादा, बरं झालं हा प्रयोग काढलात. तो चांगला झाला आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. पण त्यातलं एकूण प्रथिन बघा. पावडर दिवसाला वीसेक ग्रॅमच होती आणि व्हे व सोया दोन्ही गटांचं दिवसाचं एकूण किलोमागे १.४ ग्रॅम होतं. साओ पावलोत १.६ होतं. मी वर म्हटलं तेच इथे दिसतं: मात्रा लहान आणि एकूण थोडं अपुरं असेल तर व्हेचं ल्युसिन कामाला येतं. सोया कार्बोहायड्रेटच्या मागे गेलं, पण त्या दोन गटांतलं अंतर थोडं आहे आणि गटांतली माणसामाणसांतली तफावत मोठी आहे, तेव्हा सोया साखरेहून वाईट असा अर्थ काढू नये.

तुमच्या पोरांचं म्हणाल, तर जो व्हेचा डबा विकत घेतो तो सहसा जेवणाकडे, झोपेकडेही लक्ष द्यायला लागतो. डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं, फक्त त्यातलं किती डब्याचं ते वेगळं काढता येत नाही.

डेडलिफ्ट_दादर

१.४ आणि १.६ चा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं असं की, आपल्याकडचा शाकाहारी मुलगा १.६ ला क्वचितच पोचतो. १.१-१.२ वर अडकतो. मग अशा मुलाला मी व्हेच सांगणार. त्याच्या खिशातल्या एका स्कूपमध्ये जास्तीत जास्त काम व्हायला हवं.

आहारमित्र

यावर माझी हरकत नाही. पूर्ण सहमत.

रानजाई

मी व्हीगन आहे, वजनं उचलते, पुण्याजवळच्या डोंगरांवर पळते. इथे कुणाला दूध सोडायला लावायला आलेले नाही, पण माझं कारण सांगते, कारण पावडर निवडताना हे कारणही असू शकतं. गाय दूध देते ती व्याल्यावर, आणि गोऱ्ह्यांचं पुढे काय होतं हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना माझा निर्णय कळेल. तो मी विज्ञानाच्या नावाने खपवत नाही.

आता कामाचं. वाटाण्याची नुसती पावडर चवीला मातकट लागते, जिभेवर पिठूळ थर राहतो. पाण्यात ढवळून नाक दाबून पिण्यापेक्षा मी ती थालीपीठाच्या भाजणीत मिसळते. वाटीभर भाजणीला दोन मोठे चमचे पावडर, कांदा जास्त, आणि पाणी नेहमीपेक्षा जरा सढळ, कारण ही पावडर पाणी फार ओढते; कमी पाण्यात थालीपीठ थापताना कडा फाटतात. भोपळा किसून घातला तर मऊही राहतं. नाचणीच्या आंबिलातही चालते, मात्र आच बंद केल्यावर घालायची, नाहीतर गुठळ्या होतात.

एक सावधगिरी. प्लांट पावडरीत शिशाचा प्रश्न खरा आहे. झाडं जमिनीतून धातू ओढतात. अमेरिकेतल्या क्लीन लेबल प्रोजेक्टने २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात वनस्पतीच्या पावडरींत शिसं दुधाच्या पावडरींच्या सरासरी तिप्पट निघालं, आणि चॉकलेटच्या स्वादात व्हॅनिलापेक्षा बरंच जास्त, कारण कोकोमधूनही येतं. मी म्हणून बिनस्वादाची घेते, रोज एकच मात्रा, बाकी डाळी-टोफूतून.

उदगीरकर

राम राम. आमच्या लातूर भागात सोयाबीनशिवाय दुसरं बोलणं नाही. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये. तेसुद्धा बाजारात बऱ्याचदा मिळत नाहीत. तेल काढलं की जी पेंड उरते तिच्यातच प्रथिन असतं. बरीचशी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तेल काढलेल्या सोयाच्या पिठापासूनच सोया वड्या होतात, ज्यांना तुम्ही शहरात सोया चंक्स म्हणता. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅम प्रथिनं! किलोला दीडशेच्या आसपास रुपये.

गणित करून बघा. वड्यांतलं एक ग्रॅम प्रथिन तीस पैशांच्या आसपास पडतं. दूध साठ रुपये लिटर धरलं तर त्यातलं ग्रॅम पावणेदोन-दोन रुपयांना. अडीच हजार रुपये किलोचं व्हे घेतलं तर ग्रॅमला तीन रुपयांच्या वर. दहापट भाव देऊन डबा घ्यायचा, आणि इकडे सोयाबीन पिकवणाऱ्याला खर्च निघत नाही. पोरांनी निदान एक वेळ तरी वड्या खाव्यात असं मला मनापासून वाटतं.

फक्त कच्चं सोयाबीन दळून पीठ खाऊ नका. पचनाला आडवं येणारं द्रव्य त्यात असतं, ते उष्णतेने जातं. भाजून किंवा शिजवूनच.

सह्यवाट

उदगीरकर काका, तीस पैसे विरुद्ध तीन रुपये हे वाचून खरंच थबकलो. पण वड्यांबद्दल जिममध्ये एकच ऐकू येतं: पुरुषांनी सोया खाल्लं तर टेस्टोस्टेरॉन पडतं. यात तथ्य किती?

आहारमित्र

तथ्य नाही. सोयामधल्या आयसोफ्लेव्होनची रचना इस्ट्रोजेनसारखी असते, तिथून ही भीती आली. २०२१ साली पुरुषांवरच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन, दोन्हींवर परिणाम दिसला नाही. फक्त थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होतं.

आणि सह्यवाट, तुमच्या पोटाबद्दल. तुम्ही रोज कपभर दूध पिता आणि त्याचा त्रास लिहिलेला नाही. कपभर दुधात सात-आठ ग्रॅम लॅक्टोज असतं. ८० टक्क्यांच्या चांगल्या कॉन्सन्ट्रेटच्या एका स्कूपमध्ये दीड-दोन ग्रॅम. मग पोट फुगायला लॅक्टोज जबाबदार कसं? दोन शक्यता. एक, त्या डब्यातलं कॉन्सन्ट्रेट हलक्या प्रतीचं आहे. ३५ टक्के प्रथिनांचंही कॉन्सन्ट्रेट असतं आणि त्यात निम्मं लॅक्टोज भरलेलं असतं. दोन, त्यातला डिंक किंवा गोडी आणणारं रसायन तुम्हाला झेपत नाही. डब्यामागचा प्रति १०० ग्रॅमचा रकाना बघा: प्रथिनं किती, कार्बोहायड्रेट किती, घटकांत काय काय.

सह्यवाट

आत्ता डबा काढून बघितला. पुढे मोठ्या अक्षरांत २४ ग्रॅम प्रथिनं. मागे लिहिलंय की हे दोन स्कूपचं, म्हणजे ४६ ग्रॅम पावडरीचं. प्रति १०० ग्रॅम ५२. कार्बोहायड्रेट ३४. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन, झँथन गम, ग्वार गम, सुक्रालोज.

रसायनपेटी

मग तुमच्या पोटाचं उत्तर मिळालं. १०० ला ५२ प्रथिनं असलेला डबा व्हेच्या भावात घेणं म्हणजे जवळपास एक तृतीयांश पैसे माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या स्वस्त कार्बोहायड्रेटला देणं.

मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून डब्यावरच्या आकड्याबद्दल सांगतो. प्रथिन मोजायची नेहमीची रीत केल्डाल. त्यात प्रत्यक्ष प्रथिन मोजलं जात नाही. नमुना तीव्र आम्लात उकळून त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, दुधाच्या पदार्थांसाठी ६.३८ ने. आता नायट्रोजन असलेला कुठलाही स्वस्त पदार्थ मिसळला की आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये दुधाच्या भुकटीत मेलामाइन मिसळलं गेलं आणि तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडांवर बेतलं, ते याच फटीतून. पावडरींच्या धंद्यात तेच काम ग्लायसिन, टॉरिन अशा स्वस्त अमिनो आम्लांनी करतात. विषारी नाहीत, पण स्नायू बांधायला त्यांचा उपयोग नाही. व्हे असो की वाटाणा, फसवणूक दोन्हीकडे होते.

२०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरींची तपासणी करून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ३६ पैकी २५ डब्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची होती. काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं. माझ्या दृष्टीने दूध की वनस्पती या वादापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. ज्याच्या डब्यात लिहिल्याच्या निम्मं प्रथिन आहे, त्याने व्हे घेतलं काय आणि सोया घेतलं काय.

विकत घेताना मी स्वतः हे बघतो. १०० ग्रॅममध्ये किती, हा एकच आकडा धरायचा. स्कूपचा सोडून द्यायचा. अमिनो आम्लांचा तक्ता दिलेला असावा, आणि त्यात व्हेसाठी ल्युसिन प्रथिनांच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावं. ग्लायसिन फार वर गेलेलं दिसलं तर डबा खाली ठेवायचा. स्वाद घातलेल्या कॉन्सन्ट्रेटवर १०० ला ९० लिहिलं असेल तर तेही जुळत नाही, कारण कॉन्सन्ट्रेट स्वतःच ८० च्या आसपास असतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असावा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवाल त्याच बॅच क्रमांकाचा मागायचा, जुना नमुना अहवाल चालत नाही. जी कंपनी तो देत नाही ती माझ्यासाठी बाद.

सायसाखर

एक घरगुती शंका. आम्ही आठवड्याला घरी पनीर करतो. निघालेलं हिरवट पाणी म्हणजेच व्हे ना? मी ते कणकेत घालते. मुलाला म्हटलं हेच पी, डबा कशाला आणतोस. बरोबर आहे का?

दूधसंघ

ताई, पाणी कणकेत घालता ते उत्तम, पण डब्याची जागा ते घेणार नाही. मी डेअरीत आहे, जरा खोलात सांगतो.

दुधातल्या प्रथिनांत साधारण ८० टक्के केसिन आणि २० टक्के व्हे. चीज करताना दूध ३०-३५ अंशांवर ठेवून रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, घालतात. केसिन गोठतं आणि व्हे प्रथिनं विरघळलेली राहून पाण्याबरोबर बाहेर पडतात. पनीरला आपण दूध उकळीपर्यंत नेतो आणि मग लिंबू पिळतो. त्या उष्णतेत व्हे प्रथिनांची घडी उलगडते आणि ती केसिनला चिकटून पनीरमध्येच बसतात. म्हणून पनीरच्या पाण्यात लॅक्टोज आणि क्षार भरपूर, प्रथिन मात्र अगदी थोडं. तुमच्या मुलाचं व्हे पनीरच्या वडीतच आहे, ते त्याला खाऊ घाला.

चीजच्या पाण्यातही लिटरमागे सहा-आठ ग्रॅमच प्रथिन असतं. एक किलो ८० टक्क्यांची पावडर करायची तर शंभर लिटरहून अधिक पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळावं लागतं आणि मग फवारून वाळवावं लागतं. ती गाळणी अजून पुढे नेली की आयसोलेट: प्रथिनं ९० टक्के, लॅक्टोज नावाला. एके काळी हे पाणी नदी-नाल्यांत सोडत आणि डुकरांना पाजत, आज ते चीजइतकंच महत्त्वाचं झालं आहे.

रेनेटवरून कुणी विचारण्याआधी: पूर्वी ते वासराच्या जठरातून काढत, आता बहुतेक सूक्ष्मजीवांपासून तयार होतं. शाकाहारी, जैन मंडळींनी हिरवा ठिपका बघून घ्यावं. हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन मात्र नव्हे, दुधाच्या पदार्थालाही तो असतो. व्हीगनसाठी एफएसएसएआयचं वेगळं चिन्ह आहे.

माईंची_लेक

माझ्या आईचं वय ६८, चालताना पाय थरथरतात, जेवण चिमणीएवढं. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवा सांगितलं. तिला यातलं काय चालेल?

आहारमित्र

ताई, म्हातारपणी स्नायू प्रथिनाला सहज दाद देत नाहीत. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, वयस्कांना ०.४ च्या आसपास लागतं. म्हणजे आई ५० किलोची असेल तर एका वेळी २० ग्रॅम. जेवण चिमणीएवढं असताना हे डाळीतून होणं कठीण, म्हणून इथे मी व्हेच निवडेन: थोड्याशा घोटात ल्युसिन जास्त. ताकात किंवा पातळ खिरीत ढवळून द्या. आधी क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांच्या हिशेबानेच. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं रोज करून घ्या, शेजारी उभं राहून. व्यायामाशिवाय नुसत्या पावडरीने पाय भरणार नाहीत.

सह्यवाट

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: दुपारच्या जेवणात ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्या, म्हणजे २६ ग्रॅम. जिमनंतर व्हे आयसोलेटचा एक स्कूप, २५ ग्रॅम, बॅचचा अहवाल मिळाला तरच. ६० आणि ५१ मिळून १११. काही सुचवायचंय?

आहारमित्र

पहिल्याच दिवशी ५० ग्रॅम वड्या नकोत, पंचवीसपासून चढा. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, ते पाणी फेका, पुन्हा एकदा धुवा. गॅस करणारी साखर त्या पाण्यात निघून जाते. आणि तुमचा नाश्ता फार हलका आहे. पोह्यांत फक्त पाच-सहा ग्रॅम. त्याऐवजी आठवड्यातून तीन-चारदा मुगाचं धिरडं आणि दही करा, पंधराच्या वर जाल.

उदगीरकर

वड्यांचा रस्सा काळ्या मसाल्यात करा. पिळलेल्या वड्या आधी तेलात परतून घ्या, कडा लालसर होईपर्यंत. मग मसाला आत शिरतो.

चिंतातुर_आई

धागा पूर्ण वाचला. माझा मुलगा सोळा वर्षांचा. वजन ५५, जिम लावलीय आणि तिथूनच मास गेनरचा डबा घ्यायला सांगताहेत. सुट्या पिशवीतलं काहीतरी स्वस्तात देतो असंही कुणी म्हणालं. द्यावं का?

तालमीतला

ताई, सुट्या पिशवीला हात लावू देऊ नका. आमच्या पोरांना वस्ताद पहिली हीच ताकीद देतात. पोरगं उद्या कुस्ती किंवा कुठलाही खेळ खेळलं आणि डोप चाचणीत सापडलं तर पिशवी देणारा सापडत नाही, कारकीर्द पोराची जाते.

आहारमित्र

तालमीतला दादांची भीती रास्त आहे. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने वेगवेगळ्या देशांतली ६३४ पूरक उत्पादनं तपासली होती, २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली, स्टेरॉइडच्या जातीची द्रव्यं निघाली.

सोळा ते अठरा वयाच्या मुलासाठी आपल्याकडची शिफारस रोज ५५ ग्रॅम प्रथिनं आहे. व्यायाम करणाऱ्याला थोडं जास्त धरा, ऐंशीपर्यंत. दोन ग्लास दूध, शंभर ग्रॅम पनीर किंवा चालत असतील तर तीन अंडी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि नेहमीचं जेवण यात ते आरामात होतं. मास गेनर म्हणजे बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन. सह्यवाट यांच्या डब्यावरचे आकडे वर आहेतच, ते मुलाला दाखवा आणि जिमवाले देतील त्या डब्याचा १०० ग्रॅमचा रकाना त्याच्याकडूनच वाचून घ्या. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच सांगतात. मोठ्यांच्या बाबतीत मी त्याहून थोडी सैल आहे, वाढत्या मुलांच्या बाबतीत अजिबात नाही. त्याला जिम बंद करायला सांगू नका. नीट शिकवणारा कुणी आहे का एवढं बघा, आणि रात्री फोन बाजूला ठेवून आठ तास झोपू द्या.

चिंतातुर_आई

शेंगदाणे-फुटाणे घरात आहेतच. पनीर उद्यापासून सुरू करते. रकाना त्यालाच वाचायला लावते.